कलम चौदाचा विडा

रविवारी सकाळी विड्याची पानं निवडतानाच सुष्मानं ठरवून टाकलं होतं, की आज काहीही झालं तरी आपण तोंड उघडायचं नाही. सव्वीस वर्षं उघडलं नव्हतं, मग आजच कशाला? पानाला भोक नको, डाग नको, शीर जाड नको, हे सगळं सासूबाईंनी तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. आता डोळे मिटले तरी तिचा हात बरोबर पानावर जायचा. आज मात्र तिनं एकामागून एक तीन चांगली पानं चुरगळून ठेवली. म्हैसूरची कोवळी पानं, देवराज मार्केटातून सकाळी सातला स्वतः जाऊन आणलेली.

काकडे पेटा एलएलपी या घरच्या फर्मला नवा भागीदार घ्यायचा होता, आणि तो कोण हे खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा कळलं होतं. कागदावर भागीदार तिघं: सासरे दत्तोजीराव, सासूबाई भवानीबाई आणि नवरा अर्जुन. चौथी येणार होती अवनी, म्हणजे सुष्माचीच सून. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. पोरगी गुणाची होती, कॉम्प्युटरवर झरझर काम करायची, तिच्यावर सुष्माचा राग नव्हता. राग होता नवऱ्यावर. हे नाव त्यानं बायकोला सांगितलं ते दात घासता घासता, तोंडात फेस असताना. सुष्मानं दोनदा विचारलं तेव्हा कुठे नाव कळलं.

म्हैसुरात कुणी निवृत्त झालं, कुणाचं पुस्तक आलं, कुणी सोसायटीच्या निवडणुकीत पडलं, तरी त्याच्या डोक्यावर पेटा चढतो. जरीचा, रेशमी, पुढे तुरा लावलेला. काकड्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात जमेदार होते, आणि घोडे गेल्यावर घराण्याकडे उरली ती पेटा बांधायची कला. देवराज मोहल्ल्यातलं दुकान नव्वद वर्षांचं. दत्तोजीरावांच्या हातचा पेटा म्हणजे बोलायलाच नको. फक्त एवढंच होतं, की गेली चार वर्षं तो पेटा दत्तोजीरावांच्या हातचा नव्हता. त्यांचे हात कापायला लागले होते. मागच्या खोलीत जमिनीवर बसून, गुडघ्यावर कापड फिरवत, सगळे मानाचे पेटे सुष्मा बांधायची, आणि अर्जुन ते पुढे नेऊन म्हणायचा, अप्पांनी खास तुमच्यासाठी बांधलाय. गेल्या वर्षी जयलक्ष्मीपुरमच्या एका सभागृहात दत्तोजीरावांचा सत्कार झाला. पाहुण्यांनी त्यांच्या बोटांचं कौतुक पाच मिनिटं केलं, तेव्हा दत्तोजीरावांनी दोन्ही हात शालीखाली घेतले. चौथ्या रांगेत बसून सुष्मानं टाळ्या वाजवल्या होत्या.

तिला भागीदार व्हायचं होतं. अगदी मनापासून, हट्टानं व्हायचं होतं. आणि हे तिनं कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण मागून मिळालेलं तिला नको होतं. तिला कुणीतरी विचारायला हवं होतं.

*

अर्जुनला विचाराल तर त्यात त्याची काही चूक नव्हती.

हे सगळं सुरू झालं त्या डिजिटल सहीपायी. फर्मचा कुठलाही कागद सरकारकडे जायचा तर दत्तोजीरावांची सही लागायची, आणि ती सही बोटाएवढ्या काळ्या प्लास्टिकच्या तुकड्यात होती. दत्तोजीरावांनी तो तुकडा देव्हाऱ्यात ठेवला होता. त्याला रोज हळदकुंकू लागायचं. सही करायची तर आधी त्यांची अंघोळ व्हायची, मग ते सोवळ्यात कॉम्प्युटरसमोर बसायचे, आणि तोवर सरकारची वेबसाइट झोपी गेलेली असायची. गेल्या महिन्यात तुकडा कॉम्प्युटरनं ओळखलाच नाही. अर्जुननं सुईनं आतलं कुंकू काढलं तेव्हा काम झालं.

तेव्हा कुणीतरी तरुण, कागदपत्रं समजणारं माणूस हवं, असं त्याच्या मनानं घेतलं. मुलगा रक्षित बंगळूरला नोकरीत अडकलेला, रविवारीसुद्धा. मग अवनी. सुष्माचं नाव त्याच्या डोक्यात का आलं नाही, असं त्याला त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर तो गोंधळून म्हणाला असता, सुष्मा आहेच की. त्याला खरंच तसं वाटायचं. भिंतीवरच्या घड्याळाबद्दलही त्याला तसंच वाटायचं.

आता अडचण होती ती कलम चौदाची. बारा सालात ही एलएलपी झाली, तेव्हा ऑडिटर वादिराज यांनी दत्तोजीरावांना समजावलं होतं, की यात प्रत्येकाची जबाबदारी मर्यादित असते. त्यावर दत्तोजीराव भडकले होते. काकड्यांची जबाबदारी कधी मर्यादित नव्हती, असं त्यांचं म्हणणं. त्यांना थंड करायला वादिराजांनी त्यांच्या मनासारखं एक कलम करारात घालून दिलं. पूर्वी मोहिमेवर कोण जाणार हे ठरवायला भरल्या सभेत ताटात विडा ठेवत, आणि जो उचलेल तो जाई. दुकानात वाटा द्यायलाही काकड्यांनी हाच रिवाज चालू ठेवला होता. तेव्हा कलम चौदा असं झालं: सर्व भागीदारांची संमती असावी, नव्या भागीदारानं सर्वांसमक्ष विडा उचलून खावा, आणि एका दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत एकच विडा ठेवला जावा. सोसल्याच्या मठाजवळ वाढलेले वादिराज रिवाज म्हटला की वाद घालत नसत. त्यांनी ते टाइप केलं, तिघांनी सह्या केल्या, आणि नंतर कुणी ते वाचलंच नाही.

*

अवनीचे वडील विश्राम यांना फक्त जेवायला बोलावलं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं.

विश्राम वीस वर्षांपूर्वी चिंचवडहून म्हैसूरच्या एका कारखान्यात आले. तिथे ते माल तपासायचे. आता निवृत्त झाल्यामुळे तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून जे दिसेल ते तपासत. विहीणबाईंच्या घरी मटणाचा रस्सा आणि नाचणीचे गोळे होते. गोळा चावायचा नसतो, रश्शात बुडवून तसाच गिळायचा असतो, हे त्यांना वीस वर्षांत पटलं नव्हतं. ते प्रत्येक घास बत्तीस वेळा चावत होते आणि दाढांना चिकटलेलं जिभेनं काढत होते. जेवण संपेपर्यंत त्यांना दुसरं काही नको होतं, फक्त एक पान हवं होतं.

माडीवरच्या बैठकीत सगळे जमले. वादिराज येताना स्वतःचा कॉफीचा थर्मास आणि करारपत्राची फाइल घेऊन आले होते. विड्याचं ताट नेहमी जमेदारांच्या तसबिरीखाली चौरंगावर ठेवायचं. आज त्या चौरंगावर दत्तोजीरावांनी सुजलेला पाय ठेवला होता. तेव्हा सुष्मानं ताट कोपऱ्यातल्या टीपॉयवर ठेवलं, आणि टीपॉयला लागूनच विश्राम बसले होते. तिनं ते मुद्दाम केलं नाही. पण व्याह्यांची नजर पानावर गेलेली तिनं पाहिली, आणि तरी ताट हलवलं नाही, हेही खरं.

दत्तोजीरावांनी घराण्याचा इतिहास सांगायला घेतला. विडा उचलायचा तो इतिहास संपल्यावर. इतिहास पंचवीस मिनिटांचा होता. जमेदार श्रीरंगपट्टणच्या अलीकडे नदी ओलांडत होते, घोडा छातीपर्यंत पाण्यात होता, आणि तेवढ्यात बैठकीत सुपारी फुटल्याचा आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. विश्रामांचा उजवा गाल फुगला होता.

“छान लागलाय,” ते तृप्तपणे म्हणाले. “पान कुठलं हो हे?”

अवनीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अर्जुन उठला आणि परत बसला. दत्तोजीरावांनी घोड्याला नदीतच सोडलं.

विश्रामांना प्रकार समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. त्यांनी आधी माफी मागितली, कानाला हात लावले. मग थोडं शांत झाल्यावर विचारलं, की म्हणजे आता नक्की काय झालं? वादिराजांनी चष्मा लावून कलम चौदा मोठ्यानं वाचलं. सरकारच्या नजरेत अजून काहीच झालेलं नव्हतं, संमती नाही, सह्या नाहीत, अर्ज गेलेला नाही. तेव्हा ताटात दुसरा विडा ठेवावा आणि पुढे जावं, असं त्यांचं मत पडलं.

“सरकारचा अर्ज मागे घेता येतो,” दत्तोजीराव म्हणाले. “गिळलेला विडा कसा मागे घ्यायचा? नोडी वादिराज, बघा, तुम्हीच लिहिलंय. दसरा ते दसरा एकच. ह्या वर्षी एकतर हे, नाहीतर कुणीच नाही.”

आणि इथे विश्रामांनी ती चूक केली. गप्प बसले असते तर कुणाला त्यांची दया आली असती. पण कारखान्यातून सुटलेल्या माणसाला कुठल्यातरी ठिकाणी पुन्हा जागा मिळाली की काय होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. ते जरा ताठ बसले. आता विषय निघालाच आहे तर भागीदार म्हणून एक सुचवू का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सुचवलं. पेट्याची तीन ठरावीक मापं असावीत, लहान, मध्यम आणि मोठा. प्रत्येक डोकं आधी तपासून घ्यावं. कारागिरांसाठी हजेरीचं रजिस्टर ठेवावं. दुकानाची दुपारची झोप बंद करावी.

दुपारची झोप दत्तोजीराव घ्यायचे.

“बाबा, पुरे,” अवनी म्हणाली.

त्यानंतर पाऊण तासात त्या बैठकीत जेवढी माणसं बदलली तेवढी त्या घरात एका वर्षात बदलत नसत. काल रात्रीपर्यंत दत्तोजीराव अवनीच्या विरोधात होते, कोवळी पोर आहे म्हणायचे. आता त्यांना आठवलं, की तिच्याइतकी समंजस मुलगी साऱ्या मोहल्ल्यात नाही. अर्जुन गेला महिनाभर अवनीची बाजू मांडत होता. आता तो म्हणू लागला, की भागीदाराची एवढी घाई तरी कुणाला आहे? कारण अवनी आली की तिचे बाबा सल्ला द्यायला रोज येणार, हे त्याला लख्ख दिसलं होतं. वादिराज थर्मासमधून तिसऱ्यांदा कॉफी ओतून घेत होते. आणि विश्राम मधेच म्हणत होते, की मी आनंदानं माघार घेतो हो, पण कशी घ्यायची ते सांगा. बिचारे खरंच घेणार होते.

सुष्मा दाराला टेकून उभी होती. तिच्या पोटात हसू उसळत होतं आणि त्याच वेळी डोळेही भरून येत होते, कारण एवढ्या गोंधळात, एवढी नावं वर-खाली होत असताना, एकदाही कुणाच्या तोंडी तिचं नाव आलं नव्हतं. घरची सून झाली, व्याही झाले. तिला वाटलं, आता अजून थोडा वेळ गेला तर खालचा शिंपी रघूत्तमसुद्धा सुचेल, पण मी सुचणार नाही.

तेव्हा भवानीबाई बोलल्या. त्या भागीदार होत्या, पण भागीदार म्हणून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सही कर म्हटलं की करायच्या.

“वेंकोजीमामांनी परत केला होता की विडा,” त्या म्हणाल्या.

कोण वेंकोजीमामा, असं अर्जुननं विचारलं. भवानीबाई त्याच्याकडे न बघता नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, की एकसष्ट सालच्या दसऱ्याला वेंकोजीमामांनी दुकानाचा विडा उचलला, खाल्ला, आणि पंधरा दिवसांनी त्यांना बंगळूरला पोलिसात नोकरी लागली. तेव्हा त्यांनी नवा विडा घेऊन, मूळ विडा जिनं केला तिच्या हातात परत दिला, आणि मोकळे झाले. तुम्हाला आठवतच असेल, अल्वा, हो ना?

दत्तोजीरावांना घराण्यातलं काही आठवत नाही असं आजवर झालं नव्हतं. पंचवीस मिनिटांचा इतिहास सांगणाऱ्या माणसाला हे परवडणारंही नव्हतं. ते क्षणभर जमेदारांच्या तसबिरीकडे बघत राहिले.

“आठवतंय म्हणजे काय,” ते म्हणाले. “मी सोळा वर्षांचा होतो. वेंकोजीमामांनी त्या दिवशी हिरवा कोट घातला होता.”

“हिरवाच,” भवानीबाई म्हणाल्या. “आणि मग रिवाजाप्रमाणे तो विडा तिचा झाला. ताटात परत ठेवायचा का काय करायचं, ते तिनं ठरवायचं. हेही आठवत असेल.”

हिरव्या कोटानंतर नाही म्हणायला जागा उरली नव्हती. हौदु, हो, असंच होतं, असं दत्तोजीराव म्हणाले. परत आलेला म्हणजे तोच विडा, त्यामुळे एकाच विड्याचा नियमही मोडत नव्हता. वादिराजांनी समासात तशी नोंद केली.

*

सुष्मानं स्वयंपाकघरात जाऊन विडा केला. चुना, कात, सुपारी, वेलदोडा, वर लवंग. बाहेर येऊन तिनं तो विश्रामांच्या ओंजळीत दिला, आणि विश्रामांनी उभं राहून, अगदी मान झुकवून, दोन्ही हातांनी तिला परत केला. तेवढं मात्र त्यांनी छान केलं.

ताट एका पावलावर होतं. सगळे त्या ताटाकडे बघत होते. आता सुष्मा विडा ताटात ठेवील, अवनी उचलेल, आणि चार वाजेपर्यंत सगळं आटपेल, असं प्रत्येकाच्या मनात होतं. अर्जुननं तर घड्याळ पाहिलं.

सुष्मानं विडा तोंडात घातला.

विडा मोठा होता. तिला तोंड मिटायलाच वेळ लागला. दत्तोजीराव म्हणाले, हे काय सुष्मा? तिला उत्तर देता येईना. ती नुसती चावत राहिली, सावकाश, सासऱ्यांच्या डोळ्यांकडे बघत, आणि तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं.

दत्तोजीरावांनी नजर खाली घेतली. हात मांडीवर होते, आज शालीखाली नव्हते. उजवा जरा जास्त कापत होता.

“वादिराज,” ते म्हणाले, “चार वर्षं आमचे पेटे कोण बांधतंय, तुम्हाला ठाऊक आहे?”

वादिराजांना ठाऊक होतं. अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

“मी नाही,” दत्तोजीराव म्हणाले. “लिहा तिचं नाव.”

वादिराजांनी पेन उघडलं. माझी संमती आहे, असं भवानीबाई लगेच म्हणाल्या. मग वादिराजांनी अर्जुनकडे पाहिलं, कारण संमती तिघांची लागायची, आणि स्पष्ट लागायची. अर्जुन बायकोच्या फुगलेल्या गालांकडे बघत होता. संमती आहे, असं तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, की मी आधीच विचारायला हवं होतं. हे तो वादिराजांना सांगत होता, पण ऐकायचं जिला होतं तिनं ऐकलं.

अवनीचं तोंड अर्धं मिनिट पडलं होतं, कशाला खोटं बोला. तिनं ऑनलाइन विक्रीची सगळी आखणी करून ठेवली होती. मग तिनं वादिराजांना विचारलं, की भागीदाराला पगार मिळतो का? कराराप्रमाणे मिळत नाही, वाटा मिळतो, तोही नफा झाला तर, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा अवनी म्हणाली, की मग मला ह्या वर्षी पगारच द्या, आणि आई, माझी रजा तुम्हीच मंजूर करा. पुढच्या दसऱ्याला बघू.

कागदपत्रांचं काय, पॅन, आधार, फोटो, असं वादिराज विचारत होते, तोवर सुष्मा आत गेलीसुद्धा. तांदळाच्या डब्यामागून तिनं एक प्लास्टिकची फाइल काढून आणली. आत सगळं होतं, प्रती काढलेल्या, सह्या केलेल्या, वर चार फोटो. वादिराजांनी फोटो उलटून मागची तारीख पाहिली.

“हा सहा वर्षांपूर्वीचा आहे.”

विडा आता संपला होता. “हो,” सुष्मा म्हणाली. “उद्या नवा काढते.”

विश्रामांनी विचारलं, की फोटोचं माप काय असतं, आणि या वेळी त्यांना कुणी गप्प केलं नाही.

*

पाच वाजता सगळे पांगल्यावर भवानीबाई स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. सुष्मा ताट घासत होती. बाहेर अर्जुन आपण होऊन कॉफीचे पेले गोळा करत होता आणि त्यातला एक त्यानं फोडलाही होता.

“अत्ते,” सुष्मानं हळूच विचारलं, “ते वेंकोजीमामांचं... खरंच तसं झालं होतं?”

“मला काय ठाऊक? एकसष्ट साली मी दहा वर्षांची, चामराजनगरला माझ्या बापाच्या घरी.” भवानीबाईंनी गुडघा चोळला. “आणि वेंकोजी म्हणून ह्या घरात कुणी मामाच नव्हता.”

सुष्माच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

“हिरवा कोट मात्र यांनीच घातला हं त्याला, मी नाही.” सासूबाई एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. मग त्यांनी डोळे पुसले. “बारा साली मला म्हणाले, इथे सही कर. मी केली. विडा कुणी ठेवलाच नाही माझ्यापुढे. घरचीच बाई, तिला कशाला विडा. मला वाईट वाटलं होतं, सुष्मा. कुणाला सांगितलं नाही मी.”

सुष्मानं नळ बंद केला.

“पानं उरलीत का गं?”

“चांगली सगळी गेली,” सुष्मा म्हणाली. “तीन आहेत. सकाळी चुरगळली मी.”

“बिडु, असू दे, चालतील. कर एक.”

सुष्मानं हात पुसले. कट्ट्यावर बसून तिनं ती तीन पानं एकेक करून अंगठ्यानं सरळ केली, चुना लावला, लवंग टोचली. मग घासलेलं ताट कोरडं करून त्यात विडा ठेवला, आणि दोन्ही हातांनी ताट सासूबाईंपुढे धरलं.